सही करण्याआधी ठराव वाचा!



या पानावर आपण नेहमी धानावरचा तुडतुडा, खोडकिडा, पऱ्ह्यांची मर, युरियाचा हप्ता अशा गोष्टी बोलतो. आज विषय जरा वेगळा घेतला आहे. आज बोलायचे आहे ग्रामसभेविषयी. ‘कृषीवाल्याला ग्रामसभेचे काय पडले?’ असे कुणी म्हणेल. पण पोंभुर्णा भागातल्या बांध्यांमधून इतकी वर्षे फिरल्यावर एक गोष्ट पक्की ध्यानात आली आहे. बियाणे चांगले दिले, खत वेळेवर दिले, एकरी दोन पोती धान वाढलेही, तरी गरिबाचे घर वर येईलच असे नाही. गावातल्या पाण्याचा, जंगलाचा आणि गावाच्या नावाने येणाऱ्या पैशाचा निर्णय कोण घेतो, यावर बरेच काही ठरते.

आधी माझीच चूक सांगतो, म्हणजे पुढचे बोलायला तोंड राहील.

माझ्या हातून झालेली चूक

२०१८ सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. एका लहान गावात बोडी खोदायची होती. गावाचे नाव सांगत नाही. आदल्या खरिपात पाण्याने ओढ दिली होती, गर्भात आलेला धान वाळला होता, म्हणून सगळ्यांनाच घाई होती. मार्च महिना संपत आलेला, निधी परत जाण्याची भीती. जागा आम्ही दोघा-तिघांनी मोटारसायकलवरून फिरून ठरवली. ठराव हवा होता, तो लिहून घेतला आणि मग सह्या-अंगठ्यांसाठी रजिस्टर घरोघर फिरवले. संध्याकाळी मोहफूल वेचून आलेल्या बायांनी चुलीपुढून उठून अंगठे दिले. ‘कशाचा जी हा कागद?’ असे एकीने विचारले. मी म्हटले, ‘बोडीचा. तुमच्याच फायद्याचा आहे.’ कागद वाचून काही दाखवला नाही.

बोडी झाली. फोटो निघाले. पावसाळ्यात भरलीही. पोळ्यापर्यंत पाणी होते, दसऱ्याला तळ दिसायला लागला. शेवटच्या पाण्याला धान आला तेव्हा बोडीत चिखलही उरला नव्हता. मी पाहायला गेलो तर तीच बाई धुऱ्यावर उभी होती. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, ‘सायेब, आमाले इचारलं असतं त सांगितलं असतं. थिसा खाली सारा मुरूम हाय. पानी राहतेच कुठं?’

तिला जे ठाऊक होते ते मला डिप्लोमा करून ठाऊक नव्हते. विचारले असते तर दहा मिनिटांत कळले असते. पैसा सरकारचा गेला, पीक तिचे गेले. ठरावावर अंगठा मात्र तिचाच होता! कागदोपत्री पाहिले तर जागा ग्रामसभेनेच निवडली होती. त्या दिवसापासून मी रजिस्टर घरोघर फिरवणे बंद केले. आणि तेव्हापासून ज्या गावात जातो तिथे एकच सांगतो, की सही करण्याआधी ठराव वाचा. वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून मागा.

ग्रामसभा म्हणजे कोण?

पुष्कळांचा समज असा, की ग्रामपंचायत आणि ग्रामसभा एकच. तसे नाही. ग्रामपंचायत म्हणजे निवडून दिलेले सात, नऊ, अकरा असे सदस्य. ग्रामसभा म्हणजे मतदार यादीत नाव असलेला गावातला प्रत्येक माणूस. सरपंच पाच वर्षांसाठी असतो, ग्रामसभा कधीच बरखास्त होत नाही.

७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली आणि ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली. आपल्या राज्याच्या ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जो आकडा कमी असेल तो.

इथे एक मेख आहे. पहिल्या सभेला माणसे जमली नाहीत तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. म्हणजे पाचशे मतदारांच्या गावाचा निर्णय पंधरा माणसांत होऊ शकतो, आणि तो कायदेशीर असतो. ‘आमच्या गावात सारे चारच लोक ठरवतात’ अशी तक्रार करण्याआधी त्या दिवशी आपण कुठे होतो हे आपणच आठवून पाहावे. अर्थात हेही खरे, की सभा रोवणीच्या ऐन दिवसात दुपारी बारा वाजता ठेवली तर मजुरी बुडवून कोण येणार? मोहफुलाच्या हंगामात सकाळी सातला ठेवली तर बाया कुठून येणार? सभेची वेळ ठरवतानाच गरीब माणूस आत येणार की बाहेर राहणार हे ठरून जाते. कर्मचारी मित्रांनी हे मनावर घ्यावे.

आपल्या भागात आणखी एक अडचण. गावांची नावेच चेक आणि तुकूम अशी. दोन-तीन लहान वस्त्या मिळून एक गटग्रामपंचायत. सभा मोठ्या गावात होते आणि तीन किलोमीटरवरच्या वस्तीचा माणूस तिथे पाहुण्यासारखा मागे बसतो. हातपंप, रस्ता, बोडी हे सगळे आधी मोठ्या गावाला. लहान वस्तीची सभा वेगळी, त्यांच्याच वडाखाली घेऊन मग तिथले म्हणणे मोठ्या सभेत मांडायला कायद्याची आडकाठी नाही.

मेंढा गावाने काय केले?

आता गडचिरोली जिल्ह्यातले, धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) पाहू. सुमारे शंभर उंबऱ्यांचे गोंड वस्तीचे गाव. १९८० च्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम या धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन झाले, त्यातून इथली माणसे जागी झाली. धरणे थांबली. पुढे काय, असा प्रश्न आला. देवाजी तोफा आणि गावकऱ्यांनी, ‘वृक्षमित्र’चे मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने, गावातच बसून विचार करायला सुरुवात केली. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा याच गावची.

घोषणा आपणही पुष्कळ देतो. मेंढ्याने तिच्यामागे दोन सवयी लावल्या. पहिली, निर्णय सर्वांच्या संमतीने. हात वर करून बहुमत मोजायचे नाही. एकाचा जरी विरोध असला तरी त्याचे म्हणणे ऐकायचे, पुन्हा बसायचे. वेळ लागतो, पण ठरले की मोडायला कुणी उरत नाही. दारूबंदीसारखा प्रश्नही त्यांनी असाच बसून सोडवला. दुसरी सवय अभ्यास गटाची. निर्णय ग्रामसभेत, पण त्याआधी विषय समजून घ्यायला अभ्यास गट. जंगलाचा कायदा काय, बांबू कसा वाढतो, हिशेब कसा ठेवायचा, यावर बाहेरच्या जाणकारालाही बोलवायचे. जाणकाराने माहिती द्यायची, निर्णय द्यायचा नाही. (आम्हा अधिकाऱ्यांना हे जरा जड जाते!)

२००६ साली वनहक्क कायदा झाला, १ जानेवारी २००८ पासून त्याचे नियम लागू झाले. मेंढ्याची तयारी आधीच होती. २००९ साली गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी हे एक.

पण हक्काचा कागद मिळाला म्हणजे बांबू विकता येतो असे नव्हते. वाहतूक परवाना कुणी द्यायचा यावर घोडे अडले. बांबू हे गौण वनउपज आहे असे कायद्यात स्पष्ट लिहिले असताना तो लाकडात धरला जात होता. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश मेंढ्यात आले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. पुढे २०१२ च्या नियम दुरुस्तीत, वाहतूक परवाना ग्रामसभेच्या समितीनेच देण्याची तरतूद झाली. एका लहान गावाच्या चिकाटीतून मिळालेली ही वाट आज देशभरातल्या गावांना मोकळी आहे.

जुन्या माणसांना आठवत असेल, आपल्या जंगलातला बांबू वर्षानुवर्षे बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे जात असे आणि गावाच्या वाट्याला तोडाईची मजुरी तेवढी येई. बुरूड बांधव तर चार बांबूंसाठी हेलपाटे घालत. तोच बांबू गावाने स्वतः लिलाव करून विकला तेव्हा मजुरी मिळालीच, वर मालाची किंमतही गावाच्या खात्यात आली. मजुराचा मालक झाला तो असा.

शेजारचे पाचगाव

‘मेंढा लांब आहे, तिथे मोठमोठे लोक येतात’ असे कुणी म्हणेल, म्हणून आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातलेच, शेजारच्या गोंडपिपरी तालुक्यातले पाचगाव घ्या. २०१२ साली या गावाला सुमारे १,००६ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तोही सहज नाही. दावे करून, कागदांचा पाठपुरावा करून, पुन्हा पुन्हा खेटे घालून.

हक्क मिळाल्यावर पाचगावने पहिले काम केले ते नियम लिहिण्याचे. जंगलात काय न्यायचे, काय न्यायचे नाही, बांबू कोणता तोडायचा, राखण कुणी करायची, नियम मोडला तर काय, हे सगळे ग्रामसभेने ठरवून लिहून काढले. जंगलाचा एक भाग देवराईसारखा राखून ठेवला, तिथे तोड नाही.

त्यांचा एक निर्णय ऐकून मी चकित झालो होतो. पाचगावने तेंदूपाने तोडणे बंद केले! तेंदू म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्याचा रोख पैसा. पण कोवळे पान यावे म्हणून झुडपे छाटावी लागतात, आगी लागतात, आगीत बांबूचे कोंब आणि नवी रोपे जळतात, तेंदूचे फळही हाती लागत नाही. गावाने हिशेब मांडला, की पंधरा-वीस दिवसांच्या तेंदूसाठी वर्षभराचा बांबू जाळायचा का? आणि उत्तर ‘नाही’ असे आले. सगळ्या गावांनी तेंदू सोडावा असे माझे म्हणणे मुळीच नाही. पाहायचे आहे ते एवढेच, की हा हिशेब गावाने स्वतः मांडला. आम्ही कार्यालयातून तेच सांगितले असते तर आम्हाला पळवून लावले असते, आणि तेही बरोबरच झाले असते.

तेंदूवाल्या गावांचा धडा

गडचिरोली जिल्ह्यात आज हजाराहून अधिक गावांना सामूहिक वनहक्क मिळालेला आहे. त्यांतल्या पुष्कळ गावांनी तेंदूचा लिलाव स्वतः करायला सुरुवात केली. कोरची तालुक्यात तर अनेक ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा उभी केली. एकट्या गावापुढे ठेकेदार भाव पाडतो, वीस-पन्नास गावे एकत्र बसली की तसे करता येत नाही.

पण यातही ठेचा लागल्या, त्या लपवून उपयोग नाही. २०१७ च्या हंगामात तेंदूला कधी नव्हे असा भाव मिळाला. पुढच्याच वर्षी भाव कोसळला. काही ठिकाणी ठेकेदाराने माल उचलला आणि पैसे थकवले. ज्या ग्रामसभेने करारपत्र नीट केले होते, आगाऊ रक्कम घेतली होती, ती तरली. ज्यांनी तोंडी विश्वासावर माल दिला त्या गावांत पुढच्या हंगामापर्यंत भांडणे चालली.

फळीवरची मोजणी हाही असाच विषय. आपल्याकडे ७० पानांचे एक पुडके आणि १,००० पुडक्यांची एक प्रमाण गोणी. समजा, एका घराने हंगामात ३,००० पुडकी आणली आणि फळीवर शेकडा पाच पुडकी ‘खराब’ म्हणून धरलीच नाहीत, तर दीडशे पुडकी फुकट गेली. शंभर घरांच्या गावात ही १५,००० पुडकी होतात, म्हणजे १५ गोणी माल. भावाचा आकडा तुम्हीच घाला आणि गुणून पाहा. ग्रामसभेने फळीवर आपली दोन शिकलेली पोरे वही घेऊन बसवली तर हा पैसा गावात राहतो. गरिबी कमी करण्याची एवढी स्वस्त योजना मला तरी दुसरी ठाऊक नाही.

बाहेरचे जग काय सांगते?

अहिल्यानगर जिल्ह्यातले हिवरे बाजार तुम्ही ऐकून असाल. १९९० साली पोपटराव पवार सरपंच झाले. पाऊस तिथे जेमतेम चारशे मिलिमीटरच्या आसपास, आपल्याकडे हजार-बाराशे मिलिमीटर. तरी रोजगारासाठी बाहेर गेलेली माणसे त्या गावात परत आली. गावाने चराईबंदी, कुऱ्हाडबंदी पाळली, शेतीसाठी विंधन विहिरी खोदायच्या नाहीत असे ठरवले आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून त्याप्रमाणे पिके ठरवली. आपल्याकडे तिप्पट पाऊस पडूनही शेवटच्या पाण्याला धान वाळतो. मालगुजारी गेल्यानंतर मामा तलाव सरकारजमा झाले. तलाव उरले, पण पाळ बांधणारी आणि पाटाची पाळी ठरवणारी गावची जुनी व्यवस्था गेली. गाळ साचत गेला. या तलावांची जबाबदारी कागदावर कुणाची असेल ती असो, तहान आपली आहे.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ‘लोकसहभाग’ असे नुसते म्हटले की गरिबी हटते, असे नाही. जागतिक बँकेच्याच दोन अभ्यासकांनी, गझाला मन्सूरी आणि विजयेंद्र राव यांनी, २०१३ साली जगभरातल्या सुमारे पाचशे अभ्यासांचा आढावा घेतला. त्यांना दिसले, की सहभागाच्या योजनांचा फायदा पुष्कळदा गावातल्या सधन, शिकलेल्या, पुढाऱ्यांच्या जवळच्या माणसांनाच आधी मिळतो. वरून सरकारचे लक्ष आणि खालून लोकांचा दाब, दोन्ही असले तरच काम नीट होते.

इंडोनेशियात ६०८ गावांच्या रस्त्यांवर एक प्रयोग झाला होता. त्याचा निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाला. काही गावांना आधीच सांगितले, की तुमच्या कामाचे सरकारी लेखापरीक्षण नक्की होणार. काही ठिकाणी लोकांना देखरेखीच्या सभांना बोलावले. लेखापरीक्षणाच्या नुसत्या खात्रीने रस्त्याच्या खर्चातली गळती सुमारे आठ टक्के बिंदूंनी कमी झाली. सभेला बोलावण्याचा परिणाम एकूण गळतीवर फारसा दिसला नाही. म्हणजे लोक सभेला आले हे पुरेसे नाही, त्यांच्या हातात हिशेब आला पाहिजे आणि तो तपासणारा कुणी असला पाहिजे. म्हणून सरपंच मंडळींनो, लेखापरीक्षण म्हणजे संकट समजू नका. चोख काम करणाऱ्या सरपंचाची ती ढाल आहे.

आपण काय करायचे?

आता कामाचे बोलू.

१) आपल्या गावाचा सामूहिक वनहक्काचा दावा मंजूर आहे की नाही, हे आधी विचारून घ्या. अनेक गावांत कागद येऊन कपाटात पडलेला असतो आणि गावाला पत्ताच नसतो. तो काढा, नकाशासह मोठ्याने वाचा. किती हेक्टर, कोणते कक्ष क्रमांक, सीमा कुठून कुठे, हे शाळेच्या भिंतीवर लिहा.

२) दावा झालाच नसेल तर करा. पेसा कायदा अनुसूचित क्षेत्रापुरता आहे, वनहक्क कायदा तसा नाही. आपले गाव अनुसूचित क्षेत्रात असो वा नसो, जंगलावर जगत आले असेल तर दावा करता येतो. बिगर आदिवासी बांधवांना मात्र १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. १० ते १५ जणांची वनहक्क समिती, तीत एक तृतीयांश महिला. पुरावा म्हणून निस्तार पत्रक, जुने नकाशे, देवस्थाने, मसणवट, म्हाताऱ्या माणसांचे जबाब चालतात. मग ग्रामसभेचा ठराव, त्यानंतर उपविभागीय समिती आणि शेवटी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा समिती. ग्रामसभेचा वा उपविभागीय समितीचा निर्णय पटला नाही तर ६० दिवसांत वरच्या समितीकडे अर्ज करता येतो. तारीख चुकवू नका. पोच घेतल्याशिवाय कागद देऊ नका.

३) ही ग्रामसभा नेहमीसारखी नाही. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सभासद हजर लागतात आणि हजर असणाऱ्यांत किमान एक तृतीयांश महिला लागतात. रजिस्टर घरोघर फिरवून केलेला ठराव पुढे उलटतो. माझी बोडी आठवा.

४) हक्क मिळाला की व्यवस्थापन समिती करा आणि जंगलाचा आराखडा लिहा. बांबूचे नियम सोपे आहेत. मानवेल असो की काटांग, पावसाळ्यात तोड नको. यंदा निघालेले वास्ते आणि गेल्या वर्षीचा कोवळा बांबू राखा. प्रत्येक बेटात आठ-दहा चांगले पक्के बांबू उभे ठेवा. जमिनीपासून वीतभर वर, पेराच्या लगत वरून साफ काप घ्या. जंगलाचे तीन-चार भाग करून दरवर्षी एकाच भागात तोड करा, म्हणजे फिरून येईपर्यंत बेट भरते.

५) मोहफुलाखाली पाला जाळू नका. झाडून घ्या, नाही तर जाळी किंवा जुनी लुगडी अंथरा. फूल स्वच्छ मिळते, मातीचे वजन धरले जात नाही आणि जंगलही वाचते.

६) वाघाचा विषय टाळून चालणार नाही. आपल्या जिल्ह्यात मोहफूल आणि तेंदूच्या दिवसांत जाणारे जीव आपण पाहतो आहोत. पहाटे अंधारात एकटे जाऊ नका, वाकून वेचताना एकाने उभे राहून नजर ठेवावी, किती वाजता जायचे आणि कोणत्या भागात जायचे नाही हे ग्रामसभेने वनरक्षकाशी बोलून रोज ठरवावे. चार पैशांसाठी माणूस गमावला तर ती गरिबी पिढीभर फिटत नाही.

७) हिशेब फळ्यावर लिहा. किती आले, कुणाला किती दिले, किती शिल्लक. वर्षातून एकदा नाही, हंगामात दर आठवड्याला. कोषाध्यक्ष भला माणूस असला तरी लिहा. भल्या माणसाला संशयापासून वाचवायला हिशेबच लागतो.

८) गावाचा वार्षिक आराखडा करताना गल्लीतला सिमेंट रस्ता आणि कमान यांच्या आधी पाणी धरा. चौदाव्या वित्त आयोगापासून, म्हणजे २०१५ पासून, ग्रामपंचायतीच्या खात्यात थेट पैसा येऊ लागला. तो कशावर खर्च करायचा ते ‘आमचं गाव, आमचा विकास’ आराखड्यात ठरते. आराखडा संगणकावर बसून एकट्याने भरला तर तो गावाचा राहत नाही. भूमिहीन, विधवा, बुरूड, ढीवर बांधव यांना आधी बोलू द्या. ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे त्याचे म्हणणे शेवटी ऐकले तरी चालेल, त्याचा आवाज तसाही मोठा असतो.

कर्मचारी मित्रांना दोन शब्द

ग्रामसेवक म्हणा की ग्रामपंचायत अधिकारी म्हणा, तलाठी, वनरक्षक, आम्ही कृषीवाले, आपण सगळे उद्दिष्टाच्या ओझ्याखाली असतो. मार्चअखेर डोक्यावर असते. लोकांना विचारत बसले तर काम लांबते, हे मी अनुभवाने जाणतो. पण न विचारता लवकर झालेली बोडी तीन महिन्यांत कोरडी पडते, हेही अनुभवानेच कळले. सभेचा अजेंडा सात दिवस आधी वस्तीवस्तीत पोचवा, दवंडी द्या. ठराव सभेतच लिहा, सभेतच वाचा, मगच सह्या घ्या. एवढे एक केले तरी निम्म्या तक्रारी जातील.

आणि गावकऱ्यांनो, तुम्हीही आम्हाला अडवायला शिका. साहेब आले म्हणून खुर्ची द्या, चहा द्या, पण कागद पुढे केला तर आधी वाचायला सांगा. त्यात अपमान कसला? बैल घेताना आपण दात पाहतो, धान विकताना काटा पाहतो, मग आपल्या जंगलाचा आणि पाण्याचा सौदा न वाचता कसा करायचा?

त्या बोडीचे पुढे काय झाले, असे विचाराल. दोन वर्षांनी त्याच गावात पुन्हा बसलो. यावेळी सभा रात्री आठ वाजता, जेवणे झाल्यावर, समाजमंदिरापुढे झाली. म्हाताऱ्यांनी जुन्या तलावाचा सांडवा कुठे फुटला आहे ते दाखवले. बाया म्हणाल्या, नवीन खोदू नका, आहे त्याचा गाळ काढा आणि गाळ आमच्या हलक्या बांध्यांत टाका. तसेच केले. गाळ नेताना पहिली पाळी लहान शेतकऱ्यांची, हेही त्याच सभेत ठरले. त्या तलावाचे पाणी आता धानाला शेवटपर्यंत पुरते आणि ओलीवर लाखोरी, जवसही होतो. कोरडी बोडी तशीच आहे. ती बुजवू नका असे मीच सांगितले आहे. नवीन कर्मचारी आला की गावकरी त्याला आधी ती दाखवायला नेतात.

येत्या ग्रामसभेला जा. बाईमाणसाला घेऊन जा. मागे बसू नका. आणि सही करण्याआधी ठराव वाचा.